गंगा, विद्यापीठ आणि शाश्वत विकास

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



काशीच्या तुळशी घाटावर एक गृहस्थ वर्षानुवर्षे पहाटे गंगास्नानास उतरत असत. संकटमोचन मंदिराचे ते महंत. वयाच्या चौदाव्या वर्षी ही गादी त्यांच्याकडे आली आणि तिचे सर्व आचार त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने पाळले. स्नान, संध्या, पूजा आटोपली की हेच महंत काशी हिंदू विश्वविद्यालयात जाऊन स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जलशास्त्र शिकवीत. पाणी कसे वाहते, गाळ कोठे बसतो, नालीचा उतार किती असावा, हा त्यांच्या अध्यापनाचा विषय. त्यांचे नाव प्राध्यापक वीरभद्र मिश्र. १३ मार्च २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या पाण्याला ते सकाळी हात जोडीत, त्याच पाण्याचे नमुने घाटावरच्या प्रयोगशाळेत तपासले जात आणि त्यात विष्ठाजन्य जीवाणू किती, याचा आकडा त्यांच्यापुढे येई. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असे जीवाणू असावेत आणि २५०० हून अधिक तर कदापि नसावेत, असा आपल्याकडील दंडक आहे. घाटावरचे आकडे या मर्यादेच्या कितीतरी पुढे जात. अभियंता म्हणून त्यांना ठाऊक होते की हे पाणी अंगावर घेण्याजोगे नाही. भक्त म्हणून त्यांना ठाऊक होते की हे स्नान सोडता येणार नाही. या दोहोंपैकी एक गोष्ट खोटी ठरवून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. दोन्ही सत्ये एकाच हृदयात बाळगून त्यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशनच्या द्वारा स्वच्छ गंगा अभियान आरंभिले.

आजच्या विषयाचा गाभा या एका जीवनात सापडतो. शाश्वत विकास, पर्यावरण, जलसंवर्धन हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु एखादे मोठे विद्यापीठ या प्रश्नाला भिडते, तेव्हा तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ, अभियंता, वैद्य, कृषितज्ज्ञ आणि शास्त्री यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, आणि त्यांच्या ज्ञानातून समाजाच्या हाती नेमके काय यावे, याचा विचार क्वचितच होतो. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे उदाहरण त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

मालवीयजींची दृष्टी

४ फेब्रुवारी १९१६. त्या दिवशी महामना पंडित मदनमोहन मालवीय यांच्या संकल्पित विद्यापीठाची कोनशिला बसली. काशीनरेशांनी दिलेल्या भूमीवर पुढे सुमारे १३०० एकरांचा परिसर उभा राहिला. विद्यापीठाच्या उद्दिष्टांत हिंदू शास्त्रे व संस्कृत विद्या यांचे अध्ययन होते, त्याचबरोबर देशी उद्योगांना उपयोगी पडेल असे तांत्रिक ज्ञान देण्याचाही स्पष्ट उल्लेख होता. वेदान्त आणि विद्युत अभियांत्रिकी यांना एका आवारात नांदविण्याची ही कल्पना त्या काळी पुष्कळांना विचित्र वाटली असेल. मालवीयजींच्या मनात मात्र त्याविषयी संदेह नव्हता. आपल्या परंपरेत विद्येचे तुकडे पडलेले नव्हते, ते पराधीनतेच्या काळात पडले, अशीच त्यामागील धारणा होती.

त्या सोहळ्याच्या दिवसांतला एक प्रसंग विसरता येणार नाही. ६ फेब्रुवारीला महात्मा गांधींचे भाषण झाले. राजे-महाराजांच्या रत्नालंकारांवर त्यांनी केलेली टीका सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात विश्वनाथाच्या मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या घाणीबद्दलही त्यांनी खडे बोल सुनावले होते, हे तितकेसे आठवले जात नाही. म्हणजे पवित्र स्थानाच्या स्वच्छतेचा प्रश्न विद्यापीठाच्या जन्मसोहळ्यातच त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

याच विद्यापीठातून माधव सदाशिव गोळवलकर नावाचा महाराष्ट्रीय तरुण १९२८ मध्ये प्राणिशास्त्राची एम.एस्सी. पदवी घेऊन बाहेर पडला, पुढे तेथेच अध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांच्या तोंडून ‘गुरुजी’ हे नाव घेऊन आला. श्रीगुरुजींच्या आध्यात्मिक साधनेविषयी स्वयंसेवक भक्तीने बोलतात. त्यांच्या घडणीत प्रयोगशाळेतील काटेकोर निरीक्षणाचाही वाटा होता, याचे स्मरणही ठेवले पाहिजे.

मातीतले जीवाणू

या विद्यापीठातील पर्यावरणाचा अभ्यास ‘पर्यावरण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा. वनस्पतिशास्त्र विभागातील प्राध्यापक रामदेव मिश्र यांनी इंग्लंडमधील लीड्स येथे १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि परतल्यावर काशीत पारिस्थितिकी, म्हणजे इकॉलॉजी, या विषयाच्या अध्ययनाची पायाभरणी केली. या विषयाचा देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी आखला. पन्नासाहून अधिक संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि देशभरच्या विद्यापीठांत गेले. १९७२ मध्ये भारत सरकारने पर्यावरण नियोजन व समन्वयासाठी राष्ट्रीय समिती नेमली, त्यामागे रामदेव मिश्रांचे प्रयत्न होते. पुढे केंद्रात पर्यावरण मंत्रालय आले, त्याचा मार्ग या समितीने सिद्ध केला.

त्याच विभागातील एका संशोधनाची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. विंध्याच्या पठारावर कोरडी पानगळीची अरण्ये आहेत. माती निकृष्ट, पाऊस चार महिने, उरलेला काळ रखरखीत. अशा भूमीत झाडे तग कशी धरतात? प्राध्यापक जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्म जीवांचे मोजमाप वर्षभर केले. सामान्य तर्काने वाटते की पावसाळ्यात ओल असते, तेव्हा जीवाणू वाढत असतील आणि उन्हाळ्यात घटत असतील. प्रत्यक्षात उलट आढळले. कडक उन्हाळ्यात जीवाणूंच्या देहांत साठलेले पोषण सर्वाधिक होते आणि पाऊस पडून झाडे जोमाने वाढू लागली की ते घटत होते. म्हणजे झाडांना अन्नाची गरज नसते, त्या काळात हे डोळ्यांना न दिसणारे जीव नत्र आणि स्फुरद स्वतःत धरून ठेवतात, वाहून जाऊ देत नाहीत, आणि गरज पडताच मुक्त करतात. १९८९ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य शास्त्रीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ शेतकऱ्याने आणि नियोजनकारानेही ध्यानी घ्यावा असा आहे. जंगल तोडून जमीन उघडी पडली की केवळ झाडे जात नाहीत. मातीतली ही बँकही बुडते, आणि पुन्हा झाडे लावली तरी ती लगेच भरून येत नाही. कोळशाच्या खाणींनी उलथून टाकलेल्या सिंगरौलीच्या भूमीवर वनस्पतिजीवन पुन्हा कसे उभे राहते, याचाही अभ्यास याच परंपरेतून पुढे झाला. निसर्गाचे शोषण नको, दोहन हवे, हा विचार पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनातून मांडला. त्यावरील त्यांची चार व्याख्याने एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत झाली. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे ठेवली ती १९८७ मध्ये. परंतु आपला विचार आधीचा होता, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. दोहन किती केले असता ते शोषण होत नाही, ही सीमारेषा मोजावी लागते. ती मोजण्याचे काम विंध्याच्या रानात उन्हातान्हात मातीचे नमुने गोळा करणारा विद्यार्थी करीत असतो.

घाटावरचे मैलापाणी

१४ जून १९८६ रोजी काशीच्या घाटावरच गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. योजनेचे गणित सरळ होते. शहराचे मैलापाणी गंगेत पडू द्यायचे नाही. ते पंपांनी उचलायचे, शुद्धीकरण केंद्रात न्यायचे आणि स्वच्छ करून सोडायचे. दीनापूर येथे प्रतिदिन ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे मोठे केंद्र झाले. विद्यापीठाच्या परिसरालगत भगवानपूर येथे एक लहान केंद्र झाले आणि रेल्वे इंजिन कारखान्याच्या वसाहतीत आणखी एक. तिन्ही मिळून क्षमता सुमारे १०२ दशलक्ष लिटर. शहराचे मैलापाणी मात्र पुढील काळात तीनशे दशलक्ष लिटरच्या घरात गेले. म्हणजे दोन तृतीयांश मैला तसाच नदीत जात राहिला.

पण केवळ क्षमता अपुरी होती असे नव्हे. वीरभद्र मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविलेले दोष अधिक मूलगामी होते. पंप विजेवर चालतात आणि पूर्व उत्तर प्रदेशात वीज तासन् तास नसे. वीज गेली की मैला थेट गंगेत. पावसाळ्यात गंगा चढली की पंपगृहे बुडत, म्हणजे महिनोन् महिने तीच अवस्था. शिवाय योजलेली प्रक्रिया पाण्यातील सेंद्रिय घाण कमी करी, पण रोगजंतूंचा निर्देश करणारे विष्ठाजन्य जीवाणू तिने पुरेसे नाहीसे होत नसत. ज्या देशात लक्षावधी माणसे नदीत बुडी मारतात आणि आचमन करतात, तेथे जीवाणूंचा विचार प्रथम करावयास हवा होता. पाश्चात्त्य देशांत नदीत कोणी आचमन करीत नाही. तिकडची प्रक्रिया जशीच्या तशी उचलून आणली, तेव्हा आपल्या समाजाचा आचारच हिशेबातून सुटला.

मिश्रांनी पर्यायही सुचविला. घाटांच्या कडेने मोठी नाली काढावी, मैलापाणी गुरुत्वाकर्षणाने, विजेविना, शहराच्या खालच्या अंगाला न्यावे आणि तेथे खोल-उथळ तळ्यांच्या मालिकेत शेवाळ व जीवाणू यांच्या साहाय्याने ते शुद्ध करावे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम ऑस्वाल्ड यांनी विकसित केलेली ही पद्धती होती. सूर्यप्रकाश, काळ आणि जीवसृष्टी यांच्यावर ती चालते. जमीन पुष्कळ लागते, हा तिच्यातील मोठा अडसर. काशीच्या नगर महापालिकेने १९९० च्या दशकात या योजनेस अनुकूलता दर्शविली, परंतु ती फायलींतच फिरत राहिली. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मिश्रांना ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला. जगाने गौरविलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्याच शहरात अंमलात येऊ शकले नाही.

२०१४ नंतर ‘नमामि गंगे’च्या द्वारा या कामास गती आली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दीनापूरचे १४० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र नोव्हेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाले, गोइठा येथे १२० आणि रमना येथे ५० दशलक्ष लिटरची केंद्रे झाली. काशीची शुद्धीकरण क्षमता चारशे दशलक्ष लिटरच्या पुढे गेली. घाटांचे रूप पालटले. पण केंद्र बांधणे आणि ते रोज, बारा महिने, पुरातही चालविणे यांतले अंतर १९८६ च्या अनुभवाने शिकविले आहे. क्षमतेचा आकडा हा आरंभ समजावा. यशाचे मोजमाप घाटावरच्या पाण्यात व्हावयास हवे.

ताटातली पालेभाजी

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी जाते कोठे? काशीच्या आसपासचे शेतकरी ते शेताला देतात. त्यात खत असते, ते फुकट असते, भाजी तरारून येते. वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांनी २००६ च्या सुमारास दीनापूर परिसरातील भाज्यांची तपासणी केली. तेथे पालकासारख्या पालेभाजीत कॅडमियम, शिसे व निकेल या जड धातूंचे प्रमाण काही ऋतूंत सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले आढळले. शहरातील लहानमोठ्या कारखान्यांचे पाणी मैल्यात मिसळते आणि धातू शुद्धीकरणात नाहीसे होत नाहीत. ते नदीत गेले नाहीत, तर शेतात जातात आणि शेतातून ताटात येतात.

या एका पालकाच्या जुडीत किती शास्त्रे गोवली आहेत, पाहा. धातू मोजणारा रसायनशास्त्रज्ञ, झाड तो कसा शोषते हे सांगणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, मूत्रपिंडावर त्याचा परिणाम काय हे जाणणारा वैद्य, कोणते पीक अशा पाण्यावर घ्यावे हे सांगणारा कृषितज्ज्ञ आणि कारखान्याचे पाणी वेगळे काढण्याचे नियम करणारा विधिज्ञ. यांपैकी एकानेच उत्तर दिले तर ते अपुरे ठरते. शेतकऱ्याला हे पाणी वापरू नको असे सांगावे, तर त्याला दुसरे पाणी कोण देणार? मालवीयजींच्या विद्यापीठात ही सारी माणसे एका भिंतीच्या आत आहेत. पूर्व उत्तर प्रदेशात उशिरा पेरणीसाठी नावाजलेला ‘मालवीय २३४’ गहू देणारी कृषिशाखाही तेथेच आहे. पुढे पर्यावरण व शाश्वत विकास यांसाठी स्वतंत्र संस्थाही विद्यापीठात उभी राहिली. भिंतीआड भिंती राहू न देणे हेच तिच्यापुढील खरे आव्हान.

श्रद्धा आणि पुरावा

गंगाजल नासत नाही, ही पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. १८९६ मध्ये आग्र्याच्या प्रयोगशाळेतील इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅनकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, असे निरीक्षण पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे १९१७ मध्ये जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा, शोध लागला. हॅनकिन यांनी पाहिलेला परिणाम त्यांचाच होता की काय, याबाबत तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. काशीच्या वैद्यकविज्ञान संस्थेत जुनाट, न भरणाऱ्या जखमांवर अशा विषाणूंचा उपयोग करण्याचे प्रयोग झाले आहेत. प्रतिजैविके निष्प्रभ होत चाललेल्या काळात या संशोधनाचे मोल मोठे आहे.

परंतु येथेच एक सावधगिरी हवी. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत गंगाजलाचा उपचार म्हणून अभ्यास व्हावा, असा प्रस्ताव पुढे आला. पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तो स्वीकारला नाही. त्यावर अनेकांनी रोष व्यक्त केला. तो योग्य नव्हता. जीवाणूंना खाणारा विषाणू कोरोनाच्या विषाणूला खातो, असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. गंगेवरील श्रद्धेला अशा दाव्यांची गरजही नाही. उलट, गंगा सर्व काही शुद्ध करते, या कल्पनेचा आधार घेऊन शतकभर तिच्यात सर्व काही टाकले गेले. नदीच्या अंगी शुद्धीची शक्ती असेल, तर तीही वाहत्या, पुरेशा पाण्यावर अवलंबून असते. आईची सहनशीलता अमर्याद आहे, असे म्हणून तिच्यावर ओझे टाकीत राहणाऱ्या पुत्राला भक्त म्हणता येत नाही.

अविरल धारा

गंगेचा प्रश्न केवळ घाणीचा नसून प्रवाहाचा आहे, हे प्रथम ओळखले ते मालवीयजींनी. १८५४ मध्ये इंग्रजांनी हरिद्वारपासून गंगेचा मोठा कालवा सुरू केला. पुढे भीमगोड्याला नवे बांधकाम निघाले, तेव्हा हर की पैडीवर गंगेचा मुक्त प्रवाह राहणार नाही या भयाने हिंदू समाज अस्वस्थ झाला. मालवीयजींनी राजे-महाराजे, धर्माचार्य आणि सरकारी अभियंते यांना एका बैठकीत आणले. डिसेंबर १९१६ मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या पायाभरणीच्याच वर्षी, करार झाला. हर की पैडीवर किमान १००० क्युसेक पाणी राहील आणि हिंदू समाजाचा विचार घेतल्याविना यात बदल होणार नाही, असे सरकारने मान्य केले. एका वैभवशाली साम्राज्याच्या अभियंत्यांशी क्युसेकच्या भाषेत बोलून मालवीयजींनी श्रद्धेचे रक्षण केले, हे विशेष ध्यानात घ्यावे.

याच परंपरेतले दुसरे नाव प्राध्यापक जी. डी. अग्रवाल. कानपूरच्या आय.आय.टी.त स्थापत्य विभागाचे प्रमुख, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. निवृत्तीनंतर नानाजी देशमुख यांनी स्थापिलेल्या चित्रकूटच्या ग्रामोदय विश्वविद्यालयात ते मानद प्राध्यापक होते. भागीरथीवरील जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध त्यांनी उपोषणे केली. लोहारीनाग-पाला प्रकल्प २०१० मध्ये रद्द झाला. २०११ मध्ये त्यांनी संन्यास घेऊन स्वामी ज्ञानस्वरूप सानंद हे नाव धारण केले. २२ जून २०१८ रोजी त्यांनी पुन्हा उपोषण आरंभिले आणि १११ दिवसांनंतर, ११ ऑक्टोबरला, वयाच्या ८६ व्या वर्षी ऋषिकेश येथे देह ठेवला.

त्याच आठवड्यात केंद्र सरकारने गंगेच्या पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. उगमापासून हरिद्वारपर्यंत ऋतुमानाप्रमाणे मासिक सरासरी प्रवाहाच्या २० ते ३० टक्के पाणी नदीत राहिलेच पाहिजे, भीमगोड्याखाली कोरड्या ऋतूत सेकंदाला ३६ घनमीटर आणि पावसाळ्यात ५७ घनमीटर पाणी सोडलेच पाहिजे, असा दंडक झाला. १९१६ चे १००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ घनमीटर. दोन्ही आकडे वेगवेगळ्या जागांचे असल्याने त्यांची थेट तुलना होत नाही. पण शंभर वर्षांनंतरही नदीसाठी किती पाणी, या एकाच प्रश्नावर राष्ट्र अडले होते, हे त्यांतून दिसते. स्वामीजींच्या मागण्या या अधिसूचनेपेक्षा पुष्कळ अधिक होत्या. सरकार आपल्या विचाराचे असो वा नसो, एक शास्त्रज्ञ संन्यासी गंगेसाठी प्राण वेचतो ही घटना गंगाभक्त समाजाने विसरून चालणार नाही. ती अस्वस्थ करीत राहिली पाहिजे.

विभागांच्या भिंती

२०१० मध्ये गंगा खोऱ्याचा आराखडा करण्याचे काम कानपूर, मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, खरगपूर, चेन्नई व रुरकी या सात आय.आय.टी.कडे सोपविण्यात आले. प्राध्यापक विनोद तारे यांनी या कार्याचे समन्वयन केले. जलसंपदा, प्रदूषण, नदीचे भूरूप, जीवसृष्टी, समाजजीवन व संस्कृती, कायदा व प्रशासन असे त्यात वेगवेगळे अभ्यासगट होते. नदी अविरल हवी आणि निर्मल हवी, ही आराखड्याची मूळ सूत्रे. साधुसंतांच्या तोंडचे हे शब्द अभियंत्यांच्या अहवालात आले, हा मोठा वैचारिक पालट होय.

गंगेचे खोरे देशाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे आहे. नदी २५२५ किलोमीटर वाहते. काशीचा घाट स्वच्छ करावयाचा तर कानपूरची चामड्याची कातडी-कमाई, नरोऱ्याचा बंधारा आणि वरच्या भागातील शेतांत पडणारे रासायनिक खत यांचा विचार करावाच लागतो. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झालेल्या डॉल्फिनची २०२१ ते २०२३ या काळात देशभर गणना झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नद्यांतील डॉल्फिनांची संख्या ६३२७ आली. नदीत हा आंधळा प्राणी जगतो की नाही, यात सर्व विभागांच्या कामाचे उत्तर एकदम मिळते. त्याला पाण्याची खोली हवी, मासे हवेत, शांतता हवी.

कार्यकर्त्यापुढील काम

आपल्या परंपरेत निसर्गाकडे एकात्म दृष्टीने पाहिले गेले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते सत्य आहे. परंतु आज काशीत असी नदीचा नाला झाला आहे. वरुणा आणि असी या ज्या दोन नद्यांच्या नावांशी वाराणसीचे नाव जोडले जाते, त्यांपैकी एक नकाशावर शोधावी लागते. हे कोणा परक्याने केले नाही. तीरावर राहणाऱ्या, रोज विश्वनाथाचे दर्शन घेणाऱ्या समाजाच्या डोळ्यांदेखत ते झाले. एकात्म दृष्टी ग्रंथांत असणे आणि ती नगररचनेत उतरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांच्यामध्ये विद्यापीठ उभे असते. आणि विद्यापीठ व घाट यांच्यामध्ये कार्यकर्ता उभा असावयास हवा.

महाराष्ट्राचे काशीशी जुने नाते आहे. १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले ते अहिल्यादेवींनी. त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. देवाचे कार्य आणि पाण्याचे कार्य त्यांनी वेगळे मानले नाही. नाशिकला २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. गोदावरीला आपण दक्षिण गंगा म्हणतो. लक्षावधी भाविक रामकुंडात उतरतील तेव्हा त्या पाण्यातील जीवाणूंचा आकडा जाहीर फलकावर लागावा, असा आग्रह स्थानिक महाविद्यालयातील अध्यापक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी धरावा. आकडा प्रतिकूल असेल तर तोही लागावा. सत्य कळल्याने श्रद्धा उणावत नाही, दायित्व मात्र वाढते.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी विज्ञानशाखेत असेल तर त्यांना विचारावे की आपल्या गावच्या नदीवर तुमच्या महाविद्यालयात काही अभ्यास चालतो काय. चालत नसेल तर तो सुरू व्हावा म्हणून प्राचार्यांना भेटावे. नदीकाठी निर्माल्य गोळा करणे हे पवित्र काम आहेच. त्याच्या जोडीला शहराचे शुद्धीकरण केंद्र गेल्या महिन्यात किती दिवस बंद होते, हे माहितीच्या अधिकारात विचारणे हेही तितकेच पवित्र काम मानले पाहिजे.

काशीयात्रेला गेल्यावर दशाश्वमेधाची आरती पाहावी, विश्वनाथाचे दर्शन घ्यावे. त्यानंतर थोडा वेळ काढून तुळशी घाटावर जावे. तेथे एका महंताने अनेक वर्षे स्नानही केले आणि पाणीही मोजले. त्या पायऱ्यांवर बसून गंगेकडे पाहावे, आणि परत आल्यावर आपल्या गावच्या नदीकडे एकदा तशाच दृष्टीने पाहावे.